घाबरू नये, ही नम्र विनंती

फळ्याखालच्या पट्टीवर खडूची भुकटी साठते ना, तसे शाळेत किस्से साठतात. कोणी मुद्दाम टाकत नाही, कोणी झाडत नाही, आणि एक दिवस कुणीतरी जोरात शिंकलं की सगळ्यांच्या तोंडावर! परवा कर्जत स्टेशनाबाहेर जुने मित्र भेटले. चहा यायच्या आधीच एकानं विचारलं, "काय रे, तुमच्या शाळेत पोलीस आले होते म्हणे?"

झालं, शिंक आली. आता ऐका. मसाला माझा असेल, पण मासा ताजा आहे.

आमची शाळा कशेळ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. पहिली ते दहावी. निम्मी पोरं खालच्या भाताच्या गावांतली, निम्मी वरच्या वाडीतली. मी पी.टी. शिकवतो, म्हणजे शिट्टी वाजवतो. आमच्या मुख्याध्यापिका गायकरबाई. वाडीतली पोरं शाळेत आणली ती याच बाईंनी. स्वतः चढण चढून, घराघरात बसून, एकेका आईची मनधरणी करून.

बाई साप-विंचू, अधिकारी, कुणालाच भीत नाहीत. भितात फक्त एका गोष्टीला. दिवाळी सरली की वीटभट्टीचे मुकादम वाडीत फिरायला लागतात. त्या दिवसांत जे पोर शाळेत नसतं, ते आईबापाबरोबर भट्टीवर जातं. आणि एकदा गेलं की त्या बाकावर परत दिसत नाही.

पोरांनी खाली यायचं की नाही, हे वाडीत ठरवणार एकच माणूस. चांगूआजी. तिचा शब्द म्हणजे शब्द!

आणि नेमकं दिवाळीच्या तोंडावर वरून फर्मान आलं. ठिकठिकाणी शाळांना धमक्या येताहेत, तेव्हा प्रत्येक शाळेत संकट समिती स्थापन करा. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ज्याच्याकडे शिट्टी, तो अध्यक्ष."

* * *

आधी प्रशिक्षण. मी आणि आमचे घुगे सर कर्जतला गेलो. घुगे सर तरुण, हुशार, आणि कुठल्याही प्रशिक्षणावर मनापासून विश्वास ठेवणारे. असा माणूस फार धोकादायक!

शहरातून आलेल्या साहेबांनी पडद्यावर चित्र दाखवलं. "समजा, शाळेच्या आवारात अनोळखी इसम शिरला. सर्वांत पहिली कृती कोणती?"

मागून एक बाई म्हणाल्या, "चहा टाकू."

साहेब कसनुसं हसले. "बरं. व्हरांड्यात बेवारस पिशवी दिसली. मग?"

"हुंगू," माझ्या शेजारचे सर म्हणाले.

"हुंगू?"

"सुकट असली तर उन्हात ठेवायला लागते. कोंदट जागी वास धरते."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. समोर आम्हीच होतो. जेवणानंतर ते दिसले नाहीत. म्हणे, त्यांना अचानक मुंबईला निघावं लागलं. आम्हाला प्रमाणपत्र मात्र मिळालं, 'संकटास सज्ज' असं लिहिलेलं.

* * *

दिवाळीची सुट्टी संपली आणि घुगे सरांनी बैठक लावली. मुद्दा एक, सांकेतिक शब्द. धोका आला तर माइकवरून 'धोका, धोका' ओरडायचं नाही, पोरं घाबरतात. एक साधा शब्द उच्चारायचा. तो कानावर पडला की दारं बंद, पोरं बाकाखाली, सगळीकडे शांतता.

"शब्द असा पाहिजे," घुगे सर म्हणाले, "जो शाळेत एरवी कधीच उच्चारला जात नाही."

"गृहपाठ झाला," गणिताचे सर म्हणाले.

"एकच शब्द हवाय."

"पगारवाढ."

शिपाई हिरूमामा चहा देत होते. ते म्हणाले, "नारळ ठेवा." पण नारळ चालेना. संस्थेचे कुणी ना कुणी येतात आणि रोज कशाचा तरी नारळ फोडतात. आंबा, करवंद, फणस म्हणावं तर पोरं बाकाखाली न जाता थेट रानात जातील. शेवटी घुगे सरांच्या डोक्यात वीज चमकली. "अननस! इथे पिकत नाही, कुणी खात नाही, कुणी नाव काढत नाही!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तीन दिवस पोरांकडून घोटून घेतलं. अननस म्हटलं की बाकाखाली. पहिलीची चिमुरडी तर सगळ्यांत तयार!

पुढच्या दिवशी सकाळी शाळा भरली. प्रार्थना झाली. पहिलीच्या बाईंनी तक्ता टांगला, छडी ठेवली आणि म्हणाल्या, "चला, सगळ्यांनी मोठ्यानं म्हणा!"

पहिलीच्या अख्ख्या वर्गानं छाती भरून आरोळी ठोकली, "अ, अननसाचा!"

धडाधड दारं लागली. दहावीचा वर्ग बाकाखाली. सातवी बाकाखाली. गणिताचे सर टेबलाखाली, हातात कंपासपेटी. हिरूमामांनी चहाचं आधण बंद केलं आणि स्वतःला कोठीत कोंडून घेतलं. मुंगी चालली तरी ऐकू येईल, अशी शांतता.

पहिलीच्या बाई एकट्याच उभ्या होत्या. पुढचं 'आ' म्हणायला वर्गात कोणी उरलंच नव्हतं!

* * *

जवळच्या पोरांनी मधल्या सुट्टीत घरी जाऊन सांगितलं, आज आम्ही बाकाखाली लपलो. दोन-तीन पालकांचे फोन आले. घुगे सर म्हणाले, "अफवा पसरण्याआधी आपण बोललं पाहिजे." आणि त्यांनी पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला. शुद्ध, सुबक, प्रशिक्षणात शिकवलेला.

'आपल्या शाळेत आज कोणतीही अप्रिय घटना घडलेली नाही. सर्व विद्यार्थी जिवंत व सुखरूप आहेत. पालकांनी घाबरून शाळेकडे धाव घेऊ नये, ही नम्र विनंती.'

अर्ध्या तासात शाळेसमोर दोन टेंपो, एक ट्रॅक्टर आणि मोजता येणार नाहीत इतक्या मोटारसायकली. एक जण गाडीवरून अर्धी दाढी केलेलाच उतरला.

"काय झालं?"

"काहीच नाही," मी म्हणालो.

"काय झालं नाय तर कळवलं कशाला? माझ्या बायकोनं लग्नापासून आजपर्यंत एकदा तरी मेसेज केलाय का, की आज मी तुमच्या डोक्यात पाटा घातलेला नाय म्हणून?"

घुगे सर गडबडले. त्यांनी दुसरा मेसेज टाकला. 'वरील मेसेजकडे दुर्लक्ष करावे.' मग काय, जे आले नव्हते तेही आले!

वाडीत नेटवर्क नाही. तिथे बातमी नेली माणसं कोंबून नेणाऱ्या वडाप जीपवाल्यानं. जीप चढाला लागली तेव्हा बातमी होती 'शाळेत कायतरी झालंय'. वाडीत पोचेपर्यंत ती झाली 'शाला पडली'. चांगूआजी बायका घेऊन तडक खाली उतरली. फाटकात उभी राहिली. शाळेला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"शाला तर उभी हाय."

"हो आजी," बाई म्हणाल्या, "सगळं ठीक आहे."

आजीनं गर्दी बघितली. अर्धी दाढी बघितली. कपड्यांवर बाकाखालची धूळ घेऊन उभ्या असलेल्या मास्तरांना बघितलं. म्हणाली, "शाला उभी हाय गं बाय, पन मास्तर पडलेत. जवर यांची डोस्की जाग्यावर येत नाय, तवर आमची पोरं वर."

आणि वाडीतली सगळी पोरं घेऊन ती निघून गेली. गायकरबाई पाचवीच्या वर्गाच्या दारात किती वेळ उभ्या होत्या. आत निम्मे बाक रिकामे. मग माझ्याकडे वळून एवढंच म्हणाल्या, "सर, मला पोरं पाहिजेत. तुमची समिती घाला चुलीत."

* * *

पण समिती अशी चुलीत जात नसते. वरून दुसरी सूचना आली. संकटकाळी फक्त अधिकृत प्रवक्त्यानं बोलावं, बाकी कुणी अवाक्षर काढू नये. प्रवक्ते अर्थात घुगे सर.

हा नियम सगळ्यांत जास्त आवडला हिरूमामांना. एक म्हातारा नातवाची वाट बघत फाटकाशी उभा. त्यानं विचारलं, "मामा, शाला किती वाजता सुटते?"

"यावर प्रवक्ते बोलतील."

"अहो, घंटा तुमीच देता ना?"

"त्याचा इन्कार करत नाय. दुजोराही देत नाय."

त्याच दुपारी मोबाइलवर बातम्या देणारा एक तरुण माइक घेऊन आला. हिरूमामांनी त्याच्यासमोर हात आडवा धरला आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा इंग्रजी बोलले, "नो कमेंट!"

संध्याकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर व्हिडिओ. खाली लाल अक्षरांत, 'शिपायाचे गूढ मौन! काय लपवतेय शाळा?' हिरूमामांनी तो आपल्या सासुरवाडीला पाठवला.

* * *

आता पोलिसांचा किस्सा.

आमच्या भागात बार तीन प्रकारचे. एक खदानीतला, तो दगड फोडतो. एक हायवेवरचा, तो संसार फोडतो. तिसरा कोणता ते पुढे कळेल.

तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं. शाळेचा फोन वाजला. घुगे सरांनी घेतला. आवाज तुटत होता.

"हॅलो, शाला का? शुक्रवारी बार उडवायचाय तुमच्याकडं. पोरांना लवकर सोडा."

घुगे सर पांढरेफटक पडले. पण प्रशिक्षण कामी आलं! धमकीचा फोन आला तर ठेवायचा नाही, प्रश्न विचारायचे, उत्तरं लिहून घ्यायची. त्यांनी खुणेनं मला जवळ बोलावलं आणि फोन स्पीकरवर टाकला.

"सध्या कुठे आहे?"

"खोपोलीला, कंपनीत. गुरवारी घेऊन येतो."

"दिसायला कसा आहे?"

"काळासावला हाय, पन मजबूत."

"वेळ किती वाजताची?"

"ठरलेली हाय. मिनिटभर हिकडंतिकडं होनार नाय."

"यात किती जण सामील आहेत?"

"आख्खा गाव!"

घुगे सरांनी लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. "पण का? का करताय असं?"

"का म्हंजे? किती दिवस थांबू? घरात बायको रोज जीव खाते!"

घुगे सरांनी लिहिलं, 'कारण : कौटुंबिक तणाव.' आणि फोन कटला.

मला हसू दाबता येईना. पण अध्यक्षानं हसू नये म्हणतात, म्हणून मी मैदानात जाऊन शिट्टी वाजवली. परत आलो तोवर घुगे सरांनी पोलिसांना कळवलंही होतं. गाडी आली. साहेब उतरले, हवालदार उतरले. कोठी तपासली, संडास तपासला, हिरूमामांचा जेवणाचा डबा उघडून हवालदारांनी त्यातला एक बोंबील खाऊन तपासला.

तेवढ्यात फाटकातून मोटारसायकल आत आली. खालच्या गावचे तुकाराम भोईर. हातात पिशवी.

"मघाशी फोन कट झाला बगा! मीच बोललेलो, बाराचं."

साहेबांनी कमरेवर हात ठेवला. "तूच का बार उडवणारा?"

"व्हय साहेब! पोरीचा." तुकारामनं पिशवीतून पत्रिका काढली आणि साहेबांच्या हातात ठेवली. "दरसाल गावातली लग्नं शालेच्या मैदानात व्हतात. तुमी बी या. मटन नंतर घरी हाय, हितं नाय."

साहेबांनी पत्रिका वाचली. घुगे सरांकडे बघितलं. परत पत्रिका वाचली. हवालदार जाता जाता म्हणाले, "सर, पुढच्या वेळी आणखी एक प्रश्न विचारत जा. आहेर आणायचा की नाय!"

शुक्रवारी पहिल्या पंगतीला पोलीस होते. आणि जीपवाल्यानं वाडीत नेलेली बातमी अशी, 'शालेत पोलीस जेवायला बसले.' आता कुठल्या मास्तरला पकडून नेणार, यावर वाडीत दोन तट पडले.

* * *

बाईंनी आता मला आणि घुगे सरांना घेतलं आणि वाडीची चढण धरली. घुगे सर वाटेत पाठ करत होते. संकटात बोलायचं ते तीन भागांत. आपल्याला काय माहीत आहे, काय माहीत नाही, आणि आपण काय करतो आहोत.

वर पोचलो तर चांगूआजीच्या ओट्यावर भट्टीचा मुकादम चहा पीत बसलेला. बाईंना बघून हसला. "या बाई! पोरांची काळजी नका करू, माझ्याकडं येनार हायेत. मोकळी हवा हाय, काम हाय."

बाईंचा चेहरा बघवेना. घुगे सर पुढे सरसावले. "आजी, आम्हाला माहीत आहे, की शाळा सुरक्षित आहे. आम्हाला माहीत नाही, की पुढे काय होईल. आणि आम्ही परिस्थितीवर बारकाईनं लक्ष ठेवून आहोत!"

आजी म्हणाली, "आमचा खंड्या बी तेच करतो."

खंड्या म्हणजे ओट्यावर पाय वर करून झोपलेला कुत्रा.

बाई पुढे झाल्या. आजीच्या शेजारी जमिनीवर बसल्या, पाणी प्यायल्या. रिकामा तांब्या उचलत आजी म्हणाली, "सोमवारी येते खाली. दिसभर बसते. मानसावानी वागलात, तर पोरं शालेत. नाय तर मंगलवारी भट्टीचा ट्रक हाय."

उतरताना बाईंनी बजावलं, "सोमवारी कुणी काही करायचं नाही. मेसेज नाही, सूचना नाही, शिट्टी नाही. फक्त शिकवायचं. ते जमतं ना अजून?"

* * *

आता शेवटचा, आणि यात मी कसलाही मसाला घातलेला नाही.

वाडी चढायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, वरच्या आदेशानं रंगीत तालीम घ्यावी लागली होती. घुगे सरांनी पोरांना कामं वाटून दिली. कोणी जखमी, कोणी बेशुद्ध, कोणी बघे. ज्याचं जे काम, त्याचं कार्ड गळ्यात. तालीम झक्क झाली. पोरं घरी गेली. फक्त दुसरीतला एक छोटू गळ्यातलं कार्ड काढायला विसरला.

त्याचा बाप गणपत, टेंपो चालवतो. तो भाडं घेऊन बाहेरगावी गेलेला. घरी आईनं पोराच्या गळ्यात कार्ड बघितलं. तिला वाटलं, लेकाला शाळेत बक्षीस मिळालं! तिनं ते काढून घेतलं, हळदकुंकू लावलं आणि देवापुढे ठेवलं. रविवारी शेजारणींना बोलावून दाखवलं, साखर वाटली.

सोमवारी सकाळी गणपत आला. पाय धुतले, देवाला हात जोडले. समोर हळदकुंकू लावलेलं, लेकाच्या नावाचं कार्ड. त्यावर ठळक अक्षरांत, 'मयत.'

इकडे शाळा शहाण्यासारखी चालली होती. चांगूआजी बाईंच्या ऑफिसात खुर्चीवर मांडी घालून बसलेली. सकाळपासून तिनं तीन वर्ग बघितले होते आणि एकदाही नाक मुरडलं नव्हतं. बाईंच्या चेहऱ्यावर जरा रंग आला होता. तेवढ्यात फाटक धाडकन आपटलं. गणपत! एका हातात कार्ड, दुसऱ्या हातात कोयता.

"कुठाय तो मास्तर? माझ्या जित्या पोराला मारला!"

वर्गांतला आवाज थांबला. घुगे सर संडासात गेले आणि आतून कडी लावली. माझ्या तोंडात शिट्टी होती, पण फुंकायला वारा नव्हता. बाई उठल्या आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या, तो आणि वर्ग यांच्या मधे. आमच्या प्रशिक्षणातलं त्यांनी माझ्याकडून एवढंच ऐकून ठेवलं होतं, की चिडलेला माणूस बोलेल तेच आपण शांतपणे परत बोलायचं.

"गणपत, तुला राग आलाय."

"राग? मुडदा पाडीन!"

"म्हणजे तुला मुडदा पाडावासा वाटतोय."

"व्हय!"

"कुणाचा?"

"मास्तरचा!"

"म्हणजे तुला मास्तरचा मुडदा पाडावासा वाटतोय. कुठल्या मास्तरचा?"

"जो गावंल त्याचा!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी शिट्टी गिळायच्या बेतात होतो.

"म्हणजे जो सापडेल त्या..."

"बाई!" गणपत रडकुंडीला आला. "मी काय बोललो ते मला म्हाईत हाय! तुमी कशाला परत परत सांगता? लहानपनी बी हेच करायचात!"

कोयता मात्र अजून वरच होता. आणि मागून खुर्ची करकरली. चांगूआजी उठून बाईंच्या शेजारी येऊन उभी राहिली. बाईंनी डोळे मिटले. मंगळवारचा ट्रक त्यांना तिथूनच दिसत असणार.

"काय रं," आजी म्हणाली, "पोरगा मेला?"

"नाय."

"मंग?"

"मेला म्हनून लिवलंय! ह्या कार्डावर!"

"पोरानं घरी आनलं ना ते? बायकोनं नाय वाचलं?"

"तिला कुठं येतं वाचायला! तिनं पूजा केली त्याची!"

"मंग तू कसं वाचलंस?"

"मला येतं."

"कुनी शिकवलं?"

गणपतचा कोयता हळूहळू खाली आला. त्यानं मानेनंच दाखवलं. "ह्या बाईंनी. हितंच. त्या खिडकीपाशी बसायचो."

आजीनं खिडकी बघितली. कार्ड हातात घेतलं, उलटं धरलं, सुलटं धरलं, परत उलटं धरलं. मग ते गणपतला देऊन टाकलं आणि पदर खोचून चालायला लागली.

"आजी!" बाई तिच्या मागे धावल्या. "पोरांचं काय?"

फाटकातून मागे वळून आजी म्हणाली, "उद्या येतील सगली. वाचायचं तेवढं शिकव गं बाय. कोयते आमच्याकडं हायेत."